वैशालीचा फॉर्म

ही गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि चुकून ओळखत असाल, तर वाचून झाल्यावर फोन करू नका. मला त्यावर बोलायचं नाही. एकदा लिहून ठेवायचं आहे, एवढंच.

मी जर्मन शिकवतो. कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, त्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते आठ वर्ग भरतो. त्याआधी बावीस वर्षं एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली. सोसायटीची तक्रार जिन्यातल्या चपलांबद्दल असते, माझ्या शिकवण्याबद्दल आजवर कुणी केलेली नाही. शिकवतो मी चांगलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे केलं ते त्या चांगल्या नावाच्या आडूनच केलं.

पूर्वी इंजिनिअर यायचे. गेली काही वर्षं नर्स मुली जास्त येतात. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना माणसं कमी पडतात, इथल्या एजन्सी मुली निवडतात, आणि जाण्याआधी त्यांना बी-वन नावाची परीक्षा पास व्हावी लागते. ड्यूटी करून येतात बिचाऱ्या. दिवसभर उभी राहून आलेली बाई खुर्चीत टेकली की पहिली दहा मिनिटं तिला काही विचारू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका — त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आपल्याकडे नामाला विभक्ती लागली की नाम बदलतं. मुलगा आला, पण मुलग्याला बोलावलं. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. जर्मनमध्ये नाम सहसा जागच्या जागी बसून असतं, त्याच्या आधीचं आर्टिकल काय ते बदलतं. पण काही पुल्लिंगी नामं अशी आहेत, की कर्त्याची जागा सोडून कुठेही गेली की शेवटी एक 'न' लावून घेतात. व्याकरणात त्यांना दुर्बळ नामं म्हणतात. युंगे म्हणजे मुलगा, त्याला बोलावलं की तो युंगेन. हेर म्हणजे गृहस्थ, त्याला पाहिलं की तो हेर्न. शेजारी, सहकारी, विद्यार्थी, पोलीस, सिंह, माकड, आणि खुद्द माणूस — सगळे या यादीत. पेशंटही. 'पेशंट झोपला' म्हणताना डेअर पात्सिएंट, पण 'मी पेशंटला उठवते' म्हणताना डेन पात्सिएंटेन. डॉक्टर मात्र या यादीत नाही. डॉक्टर सबळ आणि पेशंट दुर्बळ, यावर प्रत्येक बॅच एकदा हसते, आणि मीही तो विनोद दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा सांगतो.

हा 'न' राहिला तर काय होतं? — खरं सांगू? काही होत नाही. समोरच्या जर्मन माणसाला सगळं कळतं. मी कंपनीकडून तीन महिने तिकडे होतो, तेव्हा माझा घरमालक बोलताना तो निम्म्या वेळा गिळायचा. परीक्षेतसुद्धा केवळ त्या 'न'पायी कुणी नापास होत नाही. चूक ती चूक, सुधारायला हवीच. पण ती पोळीवरच्या तुपाची गोष्ट आहे, पोळीची नव्हे. आणि हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं. त्या वर्षी ती पडली. चौऱ्याऐंशीची होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. बायको बँकेत, तिची बदली तेव्हा कोल्हापूरला, ती शनिवार-रविवार यायची. म्हणजे सोमवार ते शुक्रवार घरात मी आणि आई. नर्सिंग ब्यूरोतून तिला सांभाळायला बायका बोलावल्या. पहिली चार दिवस टिकली, दुसरी आठवडाभर. तिसरीला आईने विचारलं, "तुम्ही माणूस पुसताय की ओटा?" ती दुपारीच गेली. मग मीच करायला लागलो. मला येत नव्हतं. कुशीवर वळवताना आई ओरडायची, मी तिच्यावर ओरडायचो, आणि मग तासभर आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. तिच्या पाठीला जखम झाली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होते तशी. तिचा वास यायला लागला. वर्गाच्या आधी मी हॉलमध्ये उदबत्ती लावायचो, आणि विद्यार्थ्यांना वाटायचं सर धार्मिक झाले.

वैशाली त्या बॅचमध्ये होती. मूळ धायरीची, म्हणजे धायरी गाव होतं तेव्हापासूनची. तिशीला आलेली, कात्रजच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. वडील बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. घरात ते, आई आणि बरीच धाकटी एक बहीण. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, आधी जर्मनी. तिच्या दोन मैत्रिणी माझ्याच वर्गात होत्या. तिघींना एकाच एजन्सीने एकाच हॉस्पिटलसाठी निवडलं होतं. लहानसं गाव होतं. तिघी मिळून एका घरात राहणार होत्या, कोण स्वयंपाक करणार आणि कोण भांडी घासणार इथपर्यंत ठरलं होतं. अट एकच — ऑगस्टच्या आत बी-वनचं सर्टिफिकेट हातात हवं. त्यापुढे हॉस्पिटल थांबणार नव्हतं. परीक्षा दोनदा होत्या, मार्चमध्ये आणि जूनमध्ये.

डिसेंबरात कधीतरी ती वर्गाला लवकर आली. आतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. तिने मला काही विचारलं नाही. बेसिनवर हात धुतले आणि सरळ आत गेली. मी दारात उभा. तिने आईला कसं वळवलं ते मला अजून सांगता येणार नाही — एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आईला कळायच्या आत आई कुशीवर. गुडघ्यांच्या मध्ये उशी. मग तिने पाठीची जखम पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हे किती दिवस झालं?" मी खिडकी उघडायला गेलो.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज साडेपाचला यायला लागली. मी सांगितलं नव्हतं. पण नको, असंही म्हटलं नाही. दीड महिन्यात जखम भरली. आई जेवायला लागली, टोमणे मारायला लागली. आणि मी? मी झोपायला लागलो. रोज दाढी करायला लागलो. उदबत्तीचा पुडा संपला तो पुन्हा आणला नाही. साडेपाचची बेल वाजली की माझ्या छातीवरचं कुणीतरी उठून जायचं, इतकं साधं होतं ते. त्या मुलीबद्दल मला फार माया वाटायची. आजही वाटते. म्हणूनच हे इतकं वाईट आहे.

वर्गात ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. आईजवळ गेली की भाषा सैल व्हायची. "आजी, लय दुखतंय का? थांबा, एवढी एकच उशी राहिली हाय." आणि आईला वळवता वळवता ती जर्मनचा सराव करायची. मी पेशंटला वळवते. मी पेशंटला धुते. मी पेशंटला विचारते. आई बाईमाणूस, तिला खरं तर पात्सिएंटिन म्हणायला हवं, आणि त्याला हा 'न' लागत नाही. मी तसं दारातून सांगितलंही. ती म्हणाली, "असू दे सर, प्रॅक्टिसपुरत्या आजी पुरुष." आई खूश झाली. आईचा कान लहानपणापासून तयार होता. अर्थ ओ की ठो कळत नव्हता, पण पंधरा दिवसांत तिला तो 'न' ऐकू यायला लागला. वैशालीकडून राहिला की आई डोळे मिटूनच म्हणायची, "न राहिला गं." मग वैशाली वाक्य पुन्हा म्हणायची. त्या दोघींचं हे असं चालायचं आणि मी बाहेर फळा पुसत ऐकायचो.

आमच्या क्लासवाल्यांमध्ये एक रिवाज आहे. परीक्षेच्या आधी नमुना परीक्षा घेतात, आणि सर 'तयार' म्हणाले तरच विद्यार्थी फॉर्म भरतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही. ज्याला भरायचा त्याला भरता येतो. पण सरांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. पुण्यात माणसं कुणाचंच ऐकत नाहीत, तरी क्लासच्या सरांचं ऐकतात.

फेब्रुवारीत वैशालीची नमुना परीक्षा झाली. चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. वाचणं, ऐकणं, बोलणं — तिन्ही चांगली. लेखनाचा पेपर मी दोनदा तपासला. पहिल्यांदा पेन्सिलीने, नेहमीसारखा. एकाहत्तर. मग — मग मी लाल पेन घेतलं. पाच ठिकाणी तो 'न' राहिला होता. प्रत्येकाचे तीन-तीन मार्क कापले. असं कुणी तपासत नाही. मी स्वतः त्याच दिवशी तिच्या मैत्रिणींचे पेपर तपासले होते, त्यांच्याही दोन-तीन ठिकाणी राहिला होता, त्यांचा एकही मार्क कापला नव्हता. छप्पन झाले. पेन्सिलीचे आकडे मी खोडरबराने खोडले.

तिला म्हणालो, "अगं, नर्स होऊन पेशंटलाच न लावत नाहीस? तिकडे वॉर्डात हसतील तुला." ती म्हणाली, "बरोबर आहे सर." आणि पेपर नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं होतं? की मी कडक मास्तर आहे. की पाया पक्का हवा. की घाई करून मुली तिकडे जातात आणि मग रडत फोन करतात. यातलं प्रत्येक वाक्य मी आधीही वर्गात बोललो होतो, म्हणून ते सहज तोंडात आलं. पण मार्चमध्ये ती पास झाली असती तर एप्रिलपासून तिची कागदपत्रं, व्हिसा, एजन्सीच्या फेऱ्या सुरू झाल्या असत्या, आणि माझी साडेपाचची बेल बंद झाली असती. हे मी मनातसुद्धा शब्दांत म्हटलं नाही. फक्त खोडरबर शोधलं, आणि ते ड्रॉवरमध्ये अगदी मागे गेलं होतं, चांगलं पाच मिनिटं शोधावं लागलं.

मैत्रिणी मार्चमध्ये बसल्या आणि पास झाल्या. पेढे घेऊन आल्या. वैशालीने एक पेढा आत नेऊन आईला भरवला.

मग तिने तो 'न' धरला. कसा धरला म्हणता — वॉर्डातल्या बाद झालेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर लिहून काढायची. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, गृहस्थाला, माकडाला. पूर्ण यादी तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ झाली. मे महिन्यात आईला "न राहिला गं" म्हणायची पाळीच येईना, आणि आई चक्क कुरकुरली की आता काही मजा नाही. मेची नमुना परीक्षा मी सरळ तपासली. लेखनात ब्याऐंशी. कापायला काही नव्हतंच. मी तिला 'तयार' म्हणालो. सगळ्या वर्गासमोर म्हणालो. ती लाजली आणि वहीत तोंड घातलं.

फेब्रुवारीचं मी स्वतःशी कसंबसं मिटवलं असतं. मास्तरांच्या हातून पेपर तपासताना काय काय होतं, एखाद्याला जास्त कडक, एखाद्याला कमी. पण जूनचं कसं मिटवायचं?

परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन असतो. ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला तो सुरू होतो आणि गावातले सगळे क्लास एकदम त्यावर तुटून पडतात. वीसेक मिनिटांत जागा संपतात. विद्यार्थी तेव्हा ड्यूटीवर नाहीतर ऑफिसात, म्हणून फॉर्म सरच भरतात. हा दुसरा रिवाज. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या पासपोर्टची झेरॉक्स, ईमेल, पासवर्ड माझ्याकडे जमा होतो. त्या खेपेला सात जण होते. वैशालीची सकाळची ड्यूटी होती, ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिने झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिली होती, वर स्केचपेनने नाव.

दहाला बसलो. एकापाठोपाठ सहा फॉर्म भरले. वैशालीचा सातवा होता. तो मी शेवटी ठेवला होता का? हो. मुद्दाम? — हो. दहा वाजून अकरा मिनिटांनी तिचं पान उघडलं. नाव टाकलं. जन्मतारीख टाकली. पासपोर्टचा नंबर टाकला. कोपऱ्यात उरलेल्या जागांचा आकडा दिसत होता. नऊ.

आत आई झोपली होती. बारीक घोरत होती. वैशाली येण्याआधी सकाळी याच वेळी ती तळमळत असायची आणि मी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात उभा असायचो. आता घोरत होती. मी ते ऐकत बसलो. बटण दाबायचं राहिलं होतं, फक्त एक बटण. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

नवाचे सात झाले. साताचे चार. मग अचानक पुन्हा सहा — कुणाचं तरी काहीतरी अडलं असणार — आणि मला राग आला. विश्वास ठेवा, मला खरोखर राग आला, की संपत का नाहीत या जागा. कारण मी त्या संपायची वाट बघत होतो. उठून जाऊ शकलो असतो. लॅपटॉप मिटू शकलो असतो. पण संध्याकाळी मला तिला सांगायचं होतं की जागा संपल्या, आणि मला खोटं बोलायची सवय नाही. वाक्य खरं व्हायला हवं होतं. आठ मिनिटं मी हात मांडीवर ठेवून बसलो. दहा वाजून एकोणीस मिनिटांनी शून्य आलं. मग उठलो आणि चहा टाकला.

हे मी केलं. आईसाठी केलं असं म्हणता येईल, पण आईने मागितलं नव्हतं. आईला दुसरी बाई मिळाली असती. मी दोन जास्तीच्या ब्यूरोंना फोन केले असते, बायकोने रजा काढली असती, मी स्वतः वैशालीकडून वळवायला शिकलो असतो. सहा महिने ती रोज माझ्या डोळ्यांसमोर ते करत होती. मी एकदाही म्हटलं नाही की मला दाखव.

संध्याकाळी ती आली. मी म्हणालो, "जागा संपल्या गं. तुझाच तेवढा राहिला." मी परत दिलेलं फोल्डर हातात धरून ती जरा उभी राहिली. मग म्हणाली, "असू दे सर. तुम्ही तरी काय करणार." आणि हात धुवायला बेसिनकडे गेली.

रात्री जेवताना आईने विचारलं, "पोरीचा फॉर्म भरलास ना?" म्हटलं, जागा संपल्या. "बाकीच्यांना मिळाल्या?" म्हटलं, मिळाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मग भात पुढे सारला, पुरे म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून वैशाली आत गेली की आई म्हणायला लागली, "आज नको. तू जा, तुझा अभ्यास कर." वैशालीला वाटायचं, आजी रुसल्यात. ती समजूत घालून वळवायचीच. आईला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. ती मला काही बोलली नाही, आणि आमच्या घरात आई बोलली नाही असं फारसं कधी झालेलं नाही.

ऑगस्टमध्ये मैत्रिणी गेल्या. हॉस्पिटलने तिसरी जागा दुसऱ्या एका मुलीला दिली. वैशालीने मला घराचा फोटो फोनवर दाखवला. उतरत्या छपराचं घर, खिडकीत कुंड्या. त्यातली खिडकी बोटाने मोठी करून म्हणाली, "ही माझी होणार होती." सहज म्हणाली, एखाद्या नातेवाइकाचं घर दाखवावं तशी.

सप्टेंबरात आई गेली. सकाळी गेली. मी वैशालीला फोन केला, आधी तिला केला, मग बायकोला. ती ड्यूटी सोडून आली. तिनेच आईला आंघोळ घातली, केस विंचरले, नऊवारी नेसवली. मग हॉलमध्ये येऊन माझ्यासमोर खाली बसली आणि रडली. मी खुर्चीत होतो. डोळे पुसत ती म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं सर, जूनमध्ये जागा मिळाली नाही ते. नाहीतर आजींच्या शेवटाला मी नसते."

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो, अजून कुणी पोचलं नव्हतं. ती रागावली असती, उठून गेली असती, जे व्हायचं ते झालं असतं. मी म्हणालो, "हो ना." त्या 'हो ना'ची मला त्या आठ मिनिटांपेक्षा जास्त लाज वाटते.

नोव्हेंबरात ती परीक्षेला बसली. चारही भागांत पास. लेखनात अठ्ठ्याऐंशी. पण त्या हॉस्पिटलची माणसं भरली होती. एजन्सी म्हणाली, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघू. जानेवारीत तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. तो माझ्यामुळे झाला नाही, एवढं मला कळतं. पण ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलीला घरच्यांनी तिकडेच थांब म्हटलं असतं. इथेच असलेल्या मुलीला कुणी जा म्हटलं नाही. वडिलांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं तिच्याकडे आलं. ते तिला चांगलं येतच होतं.

याला आता सहा वर्षं झाली. वैशाली अजून त्याच हॉस्पिटलात आहे, वॉर्डची इनचार्ज झाली आहे. लग्न नाही. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते, सुरुवातीची दोन वाक्यं जर्मनमध्ये बोलते आणि मग हसून मराठीवर येते, म्हणते गंज चढला सर. मी म्हणतो, एकदा शिकलेलं जात नाही. असंच काहीतरी म्हणतो आणि फोन ठेवतो.

गेल्या महिन्यात ती घरी आली. बरोबर धाकटी बहीण, पल्लवी. तीही आता नर्स झाली आहे, तिलाही जर्मनीला जायचं आहे. मुलगी चुणचुणीत वाटली. बसल्या बसल्या म्हणाली, "सर, मी ऑनलाइन बरंच केलंय, मार्चलाच एक्झाम देऊन टाकू का? फॉर्म काय, मी माझा भरेन." वैशालीने तिच्या गुडघ्यावर थोपटून तिला गप्प केलं.

"असं नाही करायचं," ती म्हणाली. "सर तयार म्हणतील तेव्हाच. मलाही घाई होती. पण मी सरांचं ऐकलं, म्हणून —"

ती थांबली. म्हणून काय, ते तिला सापडेना. तिने एकदा बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आपल्या सरांनी वाक्य पूर्ण करावं अशा विश्वासाने. मी वही ओढली, पल्लवीचं नाव लिहून घेतलं आणि सोमवारी सहाला यायला सांगितलं.